दंगा कुणाचा, मस्ती कुणाची

१२ मे १८९४च्या रात्री ऑक्सफर्डमधल्या ख्राइस्ट चर्च कॉलेजच्या पेकवॉटर चौकात ४६८ खिडक्यांच्या काचा फुटल्या. दिवे फुटले, दारांची मोडतोड झाली. हे काम बाहेरून आलेल्या टोळीचं नव्हतं. भरपेट जेवून आणि त्याहून भरपेट पिऊन बाहेर पडलेले बुलिंग्डन क्लबचे सभासद होते ते. हा क्लब १७८०चा. शिकार आणि क्रिकेटच्या नावानं निघाला आणि पुढे बड्या घरच्या पोरांच्या मेजवान्यांसाठी ओळखला जाऊ लागला. मोडतोड करायची आणि भरपाईचे पैसे तिथल्या तिथे मोजून मोकळं व्हायचं, असा त्याचा लौकिक. १९२७मध्ये याच क्लबनं याच चौकात तोच प्रयोग पुन्हा करून दाखवला. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले डेव्हिड कॅमेरन आणि बोरिस जॉन्सन हे दोघंही विद्यार्थी असताना या क्लबात होते.

त्या पहिल्या रात्रीनंतर चारच वर्षांनी, १८९८च्या उन्हाळ्यात, लंडनच्या वर्तमानपत्रांत एक नवा शब्द दिसू लागला: हूलिगन. पोलीस कोर्टाच्या बातम्यांतून तो वर आला. दक्षिण लंडनच्या गरीब वस्त्यांतली पोरं कंबरेला जाड पट्टे लावून घोळक्यानं फिरत, येणाऱ्याजाणाऱ्याला धक्के मारत, पोलिसांना भिडत. ती ‘हूलिगन’ ठरली. बहुधा एका आयरिश आडनावावरून हा शब्द आला. पुढच्याच वर्षी क्लॅरेन्स रूक या लेखकाचं ‘द हूलिगन नाइट्स’ हे पुस्तक बाजारात आलं आणि शब्द पक्का झाला. तिथून तो रशियनमध्ये गेला आणि थेट फौजदारी कायद्यात जाऊन बसला. २०१२मध्ये मॉस्कोतल्या चर्चमध्ये निषेधाचं गाणं म्हणणाऱ्या ‘पुसी रायट’ या गटातल्या तरुणींना शिक्षा झाली, ती ‘हूलिगनिझम’च्याच कलमाखाली.

आपला ‘हुल्लड’ कानाला याचा भाऊ वाटतो, पण नातं काही नाही. लंडनच्या छापखान्यात हूलिगन जन्माला येण्याआधीपासून हुल्लड आपल्याकडे नांदतो आहे.

आता ऑक्सफर्डच्या पोरांना काय म्हणायचं? त्यांच्यासाठी इंग्रजीला नवा शब्द शोधावा लागला नाही. ‘हाय स्पिरिट्स’ होतं, म्हणजे उत्साहाला आलेलं उधाण. ‘लार्क’ होता, म्हणजे घटकाभराची गंमत. ‘हाय जिंक्स’ होतं. हा मुळात स्कॉटलंडमधला पिण्याच्या बैठकीतला खेळ. फासे टाकायचे आणि ज्याच्यावर डाव येईल त्यानं सोंग वठवायचं, नाहीतर दंड म्हणून प्यायचं. वॉल्टर स्कॉटनं १८१५च्या ‘गाय मॅनरिंग’मध्ये असा खेळ रंगवलाय आणि त्यात रमलेला माणूस आहे एक प्रतिष्ठित वकील.

काच तीच, दगड तोच. आवाज किती झाला हे यंत्रावर मोजता येतं, पण त्या आवाजाचं नाव ऐकणारा ठेवतो, आणि ठेवण्याआधी ओरडणारा कोण आहे ते बघून घेतो. मराठी वर्तमानपत्राचं एक पान चाळलं तरी हे कळतं. विधिमंडळात होतो तो गदारोळ, नाक्यावर होतो तो राडा. वर्गात दंगा, गॅदरिंगला धमाल. मिरवणूक आपली असली की जल्लोष, परक्याची असली की धुडगूस. इंग्रजीत अशा शब्दांचं अख्खं कोठार आहे. एकेक शब्द उजेडात धरला, की तो कुणाच्या कानातून निघाला तेही दिसतं.

ओकचं झाड आणि अवखळ पोर

आधी लाडाचे शब्द घेऊ. ‘बॉइस्टरस’ हा त्यातला सगळ्यांत उपयोगी. वाढदिवसाला जमलेली, घरभर पळणारी, टिपेला ओरडणारी आठ-दहा मुलं म्हणजे बॉइस्टरस. या शब्दात गोंगाट आहे, पण राग नाही. पूर्वी तो इतका गोड नव्हता. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा पूर्वज ‘खडबडीत’, ‘राकट’ अशा अर्थानं वापरत. मग तो वाऱ्याला आणि खवळलेल्या समुद्राला लागला. सोळाव्या शतकात माणसांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याची धार बोथट झाली होती. ‘दांडगा’ या आपल्या शब्दाचंही असंच आहे. दांडग्या माणसाला लोक भितात, दांडग्या उत्साहाचं कौतुक करतात.

‘रॅम्बंक्शस’ त्याच्याही पुढचा. उच्चारताना जीभच उड्या मारते. हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळला, पण त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण एका झाडाखाली येऊन थांबतो. त्याच्या आधी होता ‘रम्बस्टियस’, त्याच्या आधी ‘रोबस्टियस’ आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी ‘रोबस्ट’, म्हणजे भक्कम. हा लॅटिन ‘रोबुर’वरून आला आणि रोबुर म्हणजे ओकचं झाड, त्याचं टणक लाकूड. ओकसारखा मजबूत तो रोबस्ट; मजबूत आणि वर आवाज मोठा तो रोबस्टियस. शेक्सपिअरचा हॅम्लेट नटांना तालीम देताना केसांचे टोप घालून रंगमंचावर किंचाळणाऱ्या नटावर चिडतो, तेव्हा त्याच्यासाठी हेच विशेषण वापरतो. मराठी रंगभूमीवर आवाजाच्या बळावर टाळ्या घेणारे नट पाहिलेल्या कुणालाही हॅम्लेटची तक्रार लगेच पटेल. पुढे लोकांच्या तोंडी शब्द घोळत गेला, त्याला जास्तीची अक्षरं फुटली, आणि ओकचं झाड शेवटी सोफ्यावर उड्या मारणाऱ्या पोराच्या अंगात शिरलं.

शाळेच्या अहवालात हे शब्द भेटले तर फरक ओळखता यायला हवा. बाईंनी ‘बॉइस्टरस’ लिहिलंय, तर पोरगा खेळकर आहे, घरी शांतपणे चहा घ्या. ‘अनरूली’ लिहिलंय, तर तो नियम मानत नाही. शब्दाच्या पोटातच ‘रूल’ आहे. आणि ‘ऑब्स्ट्रेपरस’ लिहिलंय, तर बाईंनी तुम्हाला भेटायला बोलावलं आहे, फक्त तसं लिहिलेलं नाही.

या ‘अनरूली’ला आपल्याकडे सरकारी दर्जाही मिळाला आहे. विमानात गोंधळ घालणाऱ्या प्रवाशांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०१७मध्ये नियम केले, ते ‘अनरूली पॅसेंजर’ या नावानं. त्यात तीन पायऱ्या आहेत. शिवीगाळ, अर्वाच्य हातवारे असा तोंडाचा दांडगटपणा केला तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. धक्काबुक्की किंवा अंगलगट असेल तर सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणारं वर्तन असेल तर किमान दोन वर्षं. शब्दांच्या छटा इतक्या काटेकोरपणे महिन्यांत मोजलेल्या कोशकारांनाही सापडणार नाहीत.

घसा कुणाचा, कान कुणाचे

‘ऑब्स्ट्रेपरस’च्या पोटात लॅटिन ‘स्ट्रेपेरे’ आहे, म्हणजे आवाज करणं. आधीचा ‘ऑब’ म्हणजे विरुद्ध. समोरचा बोलत असताना त्याच्यावर मुद्दाम आवाज चढवणारा तो ऑब्स्ट्रेपरस. लग्नाच्या याद्या करताना एक काका असतात, त्यांना हा शब्द चपखल बसतो. ‘रॉकस’चं मूळ मात्र घशात आहे. लॅटिनमध्ये ‘राउकुस’ म्हणजे घोगरा, बसलेल्या घशाचा. म्हणून रॉकस हसू म्हणजे नुसतं मोठं हसू नव्हे. त्यात खरखर आहे, रात्र उलटून गेलेली आहे आणि बहुधा ग्लास रिकामे झालेले आहेत. ‘व्होसिफरस’ यात सगळ्यांत सभ्य. त्याचा अर्थ आवाज वाहून नेणारा. विरोध व्होसिफरस असला तर तो ठाम आणि मोठ्यानं केलेला असतो, त्याला कुणी असंस्कृत म्हणत नाही.

‘अपरोर’ची गंमत वेगळी आहे. ‘अप’ म्हणजे वर, ‘रोर’ म्हणजे डरकाळी, म्हणून अपरोर म्हणजे उसळलेली डरकाळी, असं कुणीही सांगेल आणि चुकेल. हा शब्द आला डचमधल्या ‘ओपरूर’वरून. त्यातल्या ‘रूर’चा डरकाळीशी संबंध नाही, तो हालचालीचा शब्द आहे. ओपरूर म्हणजे खालून वर झालेली हालचाल, थोडक्यात आपला ‘उठाव’. विल्यम टिंडलनं १५२६च्या बायबलच्या भाषांतरात तो इंग्रजीत याच अर्थानं वापरला. पण इंग्रज कानाला त्यात सिंह ऐकू आला आणि हळूहळू बंडाचा गोंगाट झाला. पुढे त्याचं विशेषण ‘अपरोरियस’ तर पोट धरून हसवणाऱ्या विनोदाला लागू लागलं. ‘रायट’चंही तेच. रस्त्यावरची दंगल म्हणजे रायट, आणि मैफल हसवून लोळवणारा मित्रही रायटच. आपण वेगळं काय करतो? पोरांना ‘दंगा करू नका’ म्हणतो आणि शहर पेटलं तरी ‘दंगा झाला’ म्हणतो.

जागेवर फोडलेलं खापर

कधी कधी गोंगाटाला माणसाऐवजी जागेचं नाव मिळतं. १२४७मध्ये लंडनच्या वेशीबाहेर बेथलेहेमच्या सेंट मेरीच्या नावानं एक मठ स्थापन झाला. पुढे त्याचं इस्पितळ झालं आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मनोरुग्ण ठेवल्याच्या नोंदी आहेत. लंडनकरांच्या बोलण्यात बेथलेहेमचं ‘बेडलम’ झालं. १६७६मध्ये हे इस्पितळ मूरफील्ड्सला रॉबर्ट हूकनं आखलेल्या देखण्या इमारतीत गेलं आणि शहरातलं एक प्रेक्षणीय स्थळ बनलं. लोक सुटीच्या दिवशी पैसे टाकून रुग्ण बघायला जात. विल्यम हॉगार्थच्या १७३५च्या ‘अ रेक्स प्रोग्रेस’ या चित्रमालिकेतल्या शेवटच्या चित्रात बेडलमची कोठडी आहे. साखळदंडातल्या माणसांकडे बघत, पंख्याआडून डोकावत, दोन नटलेल्या बायका उभ्या आहेत. १७७०मध्ये ही मुक्त ये-जा थांबली. शब्द मात्र मोकळा सुटला. आज परीक्षेनंतरच्या वर्गालाही इंग्रजीत बेडलम म्हणतात. आत कोंडलेल्यांनी हा शब्द दिला नाही. तिकीट काढून गेलेल्यांनी दिला. ‘याला येरवड्याला पाठवा’ किंवा ‘ठाण्याला भरती करा’ असं आपण हसत म्हणतो, तेव्हा आपणही त्या पंख्याआडच्या बायकांच्या शेजारी उभे असतो.

दुसरी जागा काल्पनिक. जॉन मिल्टननं १६६७च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये सैतानाच्या राजधानीला नाव हवं म्हणून ग्रीकमधून ‘पँडेमोनियम’ घडवलं. पॅन म्हणजे सगळे, डेमन म्हणजे दुष्ट शक्ती, म्हणजेच सगळ्या दैत्यांचं निवासस्थान. आता हा शब्द कल्लोळासाठी वापरतात. पण मिल्टनच्या पँडेमोनियममध्ये कल्लोळ नाही. तिथे चक्क सभा भरते. एकेक दैत्य उठून रीतसर भाषण करतो, युद्ध करावं की तह यावर मुद्देसूद चर्चा होते, ठराव होतो आणि त्यानुसार काम सुरू होतं. संसदेत कागद भिरकावले गेले, सदस्य हौद्यात उतरले, की आपली इंग्रजी वर्तमानपत्रं ‘पँडेमोनियम’ असा मथळा देतात. मिल्टनच्या दैत्यांनी तो वाचला तर अब्रुनुकसानीचा दावा लावतील.

बारा माणसं, पाच माणसं

एकटा ओरडला तर तो चक्रम. बारा जण ओरडले तर राज्याला घाम फुटतो. ‘मॉब’ या शब्दाचा जन्म या घामातून झाला. लॅटिनमध्ये ‘मोबिले व्हुल्गस’ म्हणजे चंचल, कुठेही वाहत जाणारी रयत. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी त्याचं आधी ‘मोबिले’ केलं, मग नुसतं ‘मॉब’. जोनाथन स्विफ्टला ही काटछाट इतकी झोंबली की १७१०मध्ये ‘टॅटलर’मध्ये लिहिताना त्यानं मॉबविरुद्धच्या आपल्या लढ्यात हार पत्करल्याची कबुली दिली. खिशातला मोबाइल आणि रस्त्यावरचा मॉब एकाच मुळाचे आहेत, आणि अलीकडे पहिल्यावर आलेल्या अफवेनं दुसरा जमतो आणि कुणाचा तरी जीव घेतो. त्यासाठी मराठीनं ‘झुंडबळी’ हा नेमका आणि अंगावर येणारा शब्द केला. त्यात मारणारे आणि मेलेला दोघंही दिसतात.

स्विफ्टच्या लेखाला पाच वर्षं होतात न होतात तोच झुंडीसाठी कायदा आला. १ ऑगस्ट १७१५पासून ‘रायट अ‍ॅक्ट’ लागू झाला. बारा किंवा जास्त माणसं बेकायदा जमली, की दंडाधिकाऱ्यानं त्यांच्यासमोर उभं राहून एक छोटी घोषणा मोठ्यानं वाचायची. वाचून एक तास झाला तरी जे हलणार नाहीत त्यांना फाशीपर्यंत शिक्षा. घोषणा शब्दशः वाचणं बंधनकारक होतं. १८३०मध्ये एका खटल्यात शेवटचं ‘देव राजाचं रक्षण करो’ एवढं वाक्य वाचायचं राहिलं, म्हणून शिक्षा रद्द झाली होती. दगड उडत असताना कागद काढून स्पष्ट उच्चारात वाचणारा तो अधिकारी डोळ्यांसमोर आणा. इंग्रज माणूस आजही पोरांवर किंवा हाताखालच्या लोकांवर डाफरला, की ‘त्यानं रायट अ‍ॅक्ट वाचला’ असं म्हणतात. आपण त्याला हजेरी घेणं म्हणतो.

भारतात इंग्रजांना बारा माणसं जमेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. १८६०च्या भारतीय दंड संहितेनं बेकायदा जमावासाठी पाच हा आकडा ठरवला आणि तो नव्या न्याय संहितेतही कायम आहे. पोलिसी मराठीत त्या कलमाला मजेशीर भाषांतर मिळालं: ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’. बांधावरून पाच-सात भावकीतले लोक काठ्या घेऊन आले, की तक्रारीत ही मंडळी हजर होते. ‘मंडळी’ हा शब्द भजनालाही चालतो आणि बायकोलाही. त्याला गुन्हेगारी छटा फक्त पोलीस ठाण्यातच मिळते.

बाईचा आवाज

आता त्या शब्दांकडे वळू, जिथे कान सगळ्यांत तिखट होतो. इंग्लंडच्या कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ नावाचा गुन्हा होता. सतत भांडून शेजाऱ्यांची शांतता मोडणारी बाई म्हणजे कॉमन स्कोल्ड. बाईच, कारण कायद्यातलं तिचं लॅटिन नाव ‘कोमुनिस रिक्साट्रिक्स’ स्त्रीलिंगीच होतं. भांडकुदळ पुरुषासाठी हे कलम नव्हतं. शिक्षा अशी, की तिला लांब दांड्याच्या टोकाला लावलेल्या खुर्चीत बसवायचं आणि गावच्या तळ्यात बुचकळायचं. ‘स्कोल्ड’ शब्दाचं मूळ बहुधा जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्काल्ड’मध्ये आहे, आणि स्काल्ड म्हणजे कवी. कुणाचीही खिल्ली उडवण्याइतकी धारदार जीभ हा कवीचा दागिना. तीच जीभ बाईच्या तोंडात आली की गुन्हा. १९६७च्या फौजदारी कायद्यानं हा गुन्हा अखेर रद्द केला. त्याच कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधून रायट अ‍ॅक्टही काढून टाकला. जमावाची आणि बाईची भीती एकाच दिवशी कागदावरून पुसली गेली.

मुलींसाठीचे शब्द जरा हलके होते, तरी त्यांची वाट बघण्यासारखी आहे. ‘टॉमबॉय’ हा आधी दंगेखोर मुलग्याला म्हणत. सोळाव्या शतकातच तो मुलीकडे सरकला आणि तिथेच राहिला. ‘हॉयडन’ही आधी गावंढळ पुरुष होता, नंतर धसमुसळी मुलगी झाला. मुलग्याचा दंगा वयाबरोबर जातो म्हणून त्याला वेगळं नाव ठेवायची गरज वाटत नाही. मुलीचा दंगा नजरेत भरतो.

‘श्रू’ म्हणजे मुळात चिचुंद्रीसारखा छोटा, तीक्ष्ण दातांचा प्राणी. शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधली कॅथरिना ही अशी बोचरी बाई. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी हे नाटक मराठीत आणताना नाव ठेवलं ‘त्राटिका’. चिचुंद्रीची राक्षसीण झाली! रामायणातल्या ताटकेचं हे मराठी रूप इतकं घट्ट बसलं, की आजही मोठ्या आवाजाच्या सासूला, बाईंना, मॅनेजरणीला पाठीमागे त्राटिका म्हणतात. शिवाय कजाग, कैदाशीण, जहांबाज आहेतच. यांतला कुठलाही शब्द पुरुषाला लावून बघा, जिभेवर चढत नाही. पुरुष नुसता ‘कडक’ असतो.

साहेबाच्या कानातला हिंदुस्थान

१८८६मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा एक अजब कोश प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या देशी शब्दांचा तो कोश. त्याचं नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. ही दोन इंग्रज माणसांची नावं वाटतात, पण आहेत मोहरमच्या मिरवणुकीतल्या आरोळ्या. ताजियांबरोबर छाती पिटत ‘या हसन! या हुसेन!’ असा शोक करणारे लोक गोऱ्या शिपायांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ म्हणताना ऐकू आले. शिपायांच्या तोंडी मग कुठल्याही देशी उत्सवाच्या गलबल्याला तेच नाव पडलं. शोकाचं नाव गलबल्याला मिळालं, कारण ऐकणाऱ्याला तो शोक कळला नव्हता.

पण साहेबावर हसण्याआधी आपल्या ‘हैदोस’कडे बघायला हवं. ‘हैदोस घातला’, ‘हैदोसधुल्ला’ हे शब्द आपण सहज वापरतो. त्यांचं नातंही मोहरममधल्या ‘हाय दोस्त, दुल्हा’ या आरोळीशी सांगितलं जातं. एकाच मिरवणुकीच्या दोन बाजूंना दोन वेगळे कान उभे होते आणि दोघांनीही तिच्यातून गोंगाटाचे शब्द उचलले. ‘गोंधळ’ तर आपल्याच देवघरातला आहे. अंबाबाईपुढे संबळ-तुणतुण्यावर रात्रभर घातला जातो तो गोंधळ, आणि रेल्वेचं वेळापत्रक कोलमडल्यावर उडतो तोही गोंधळच.

त्याच कोशात ‘बॉबरी’ नावाचा शब्द आहे. अर्थ गलका, आरडाओरडा. यूल-बर्नेल त्याचं मूळ देतात ‘बाप रे!’ हिंदुस्थानी माणूस दचकला, दुखावला, घाबरला की बापाला हाक मारतो. साहेबाला एवढंच कळलं की ही माणसं बॉबरी करतायत. ‘तमाशा’ही असाच साहेबाबरोबर इंग्रजीत गेला. मूळ अरबी शब्दात फिरायला जाणं आहे, फारसीत त्याचा देखावा झाला, महाराष्ट्रात ढोलकी-तुणतुण्यासह एक अख्खी लोककला उभी राहिली आणि इंग्रजीत उरली ती नुसती वायफळ धामधूम. तशी ‘चारचौघांत तमाशा करू नकोस’ म्हणताना आपणही त्या लोककलेला कुठे उरू देतो?

उलट वाटेनं आला ‘राउडी’. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रानात राहणाऱ्या, कायदा न मानणाऱ्या माणसासाठी तो निघाला. दक्षिण भारतात त्याला पोलिसी कागद मिळाला. तेलंगण, आंध्र, कर्नाटकात सराईत गुंडाच्या नावानं ‘राउडी शीट’ उघडतात आणि तो माणूस मग ‘राउडी शीटर’ होतो. आपल्याकडे त्याच जातीचा माणूस तडीपार होतो. पण तेलुगू सिनेमानं राउडीला नायक केलं, आणि २०१२मध्ये ‘राउडी राठोड’च्या रूपानं तो हिंदीत आला, तोवर शब्दातला गुन्हा जवळपास धुऊन निघाला होता.

गोड नावाआड

नावानं माणूस बदनाम होतो, तसं नावाआड कृत्य लपतंही. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बोलीत ‘रॅग’ म्हणजे चेष्टा, टिंगल, धांगडधिंगा. ब्रिटनमध्ये आज विद्यार्थी ‘रॅग वीक’ साजरा करतात. विचित्र वेष करून रस्त्यावर डबे खुळखुळवत धर्मादाय कामासाठी पैसे जमवतात. तोच शब्द भारतीय वसतिगृहांत आला आणि ‘रॅगिंग’ झाला. नव्या पोराला रात्रभर उभं करणं, कपडे काढायला लावणं, मारणं, हे सगळं कित्येक वर्षं ‘ओळख करून घेतोय’, ‘मस्ती चाललीय’ या शब्दांत खपून गेलं. १९९९मध्ये महाराष्ट्रानं रॅगिंगबंदीचा कायदा केला, तेव्हा कुठे राज्यात मस्तीला गुन्हा म्हणायला सुरुवात झाली. त्याच्याही आधीचा ‘ईव्ह-टीझिंग’ हा खास भारतीय इंग्रजी शब्द तर जास्तच लबाड. बसमध्ये, रस्त्यात बाईचा छळ होतो, आणि शब्दात आहे आदिमाता ईव्ह आणि थट्टा. आपल्या ‘छेडछाडी’तही सतार छेडल्याचा भास होतोच.

म्हणून या शब्दांपुढे दोनच प्रश्न विचारावेत. यात इजा कुणाला झाली? आणि हे नाव ठेवलं कुणी? पेकवॉटरच्या काचांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढता येतं, तुकडे मोजता येतात. बदलत राहतं ते दुसरं उत्तर.

ते बदलतं याला एक दिलासादायक साक्षीदार ऑस्ट्रेलियात आहे. १८७०च्या सुमारास मेलबर्नमध्ये टोळ्यांनी फिरणाऱ्या पोरांना ‘लॅरिकिन’ म्हणू लागले. लंडनचे हूलिगन, तसे मेलबर्नचे हे लॅरिकिन. आज एखाद्या ऑस्ट्रेलियन माणसाला लॅरिकिन म्हटलं तर तो खूश होतो. कुणापुढे न वाकणारा, खोडकर पण दिलदार, असा अर्थ आता झालाय. ज्यांना शहर घाबरत होतं त्यांना देशानं घरातलं मानलं आणि शब्द मऊ पडला.

आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. वेदकाळात ‘व्रात्य’ म्हणजे यज्ञसंस्कृतीच्या चौकटीबाहेरचे, भटकणारे लोक. अथर्ववेदाचं पंधरावं कांड व्रात्याचा गौरव करतं. नंतरच्या धर्मशास्त्रात तोच शब्द संस्कार न झालेल्या, बहिष्कृत माणसासाठी आला. एवढा प्रवास करून तो मराठीत पोहोचला आणि दुपारच्या वेळी एका माजघरात शिरला. तिथे पाटावरून उडी मारून लोणच्याची बरणी फोडलेला नातू उभा आहे. आजी आधी त्याचे तळवे उलटेपालटे करून काच रुतली नाही ना ते बघते, मग कपाळाला हात लावून म्हणते, ‘‘व्रात्य कार्टं!’’